बबीनाला बदली? मग हे पुस्तक ट्रंकेत टाकाच!

बदलीचा हुकूम हातात पडला की फौजी घरात पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा, दुसरा क्वार्टरचा. मग काळ्या ट्रंका बाहेर निघतात, त्यांच्यावरचं जुन्या गावाचं नाव खोडून नवं रंगवलं जातं आणि भराभरी सुरू होते. भांडी, गाद्या, देव, मुलांचे स्वेटर, लोणच्याची बरणी. पुस्तकांचा नंबर सगळ्यात शेवटी. तोवर ट्रंकेत जागा उरलेली नसते आणि घरातल्या माणसांचा धीरही. ‘‘ही कशाला आता? वाचून झालीत ना?’’ असा सवाल येतो आणि वीसातली पंधरा पुस्तकं शेजारीपाजारी वाटून टाकली जातात. उरलेली पाच कुठली ठेवायची, यावरून मात्र नवरा-बायकोत चांगली जुंपते!

आता समजा, ही बदली बबीनाला झाली. बबीना? नकाशावर बोट फिरवून गाव शोधावं लागतं. उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यात, झाशी शहराच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर, झाशी-बीना रेल्वेमार्गावरचं हे लष्करी ठाणं. रणगाड्यांचं गाव म्हणूनच ते फौजेत ओळखलं जातं. गोळीबाराच्या सरावाचं विस्तीर्ण मैदान, खडकाळ माळ, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारी बुंदेलखंडी लू. गावाच्या नावाबद्दल एक कथा तिथे हमखास ऐकायला मिळते. ‘ब्रिटिश आर्मी बेस इन नॉर्दर्न एशिया’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून म्हणे बबीना झालं. ऐकायला झकास आहे, पण असल्या आद्याक्षरांच्या कथांवर फार भिस्त ठेवू नये.

इथे सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडची मराठी कुटुंबं बदलीच्या चक्रात येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि पुढच्या ठाण्याला जातात. मुलं केंद्रीय विद्यालयात. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळताना हिंदी, टीव्हीवर हिंदी. मराठी उरते ती जेवताना आणि आजीच्या फोनवर. अशा दोन बदल्या झाल्या की मुलगा मराठी फडाफड बोलतो, पण मराठी पुस्तक हातात दिलं की अडखळतो. लिपी तर तीच, हिंदीमुळे रोजच्या सवयीची. तरीसुद्धा ‘ळ’ आला की गाडी थांबते! मराठी पुस्तकांचं दुकान इथे शोधायला जाऊच नये. गावाहून कुणी आलं तर पिशवीतून चकलीबरोबर एखादा दिवाळी अंक येतो, तोच वर्षभर या घरातून त्या घरात फिरतो आणि शेवटी त्याचं मुखपृष्ठही हरवतं.

म्हणूनच ‘‘सध्या काय वाचताय?’’ हा प्रश्न पुण्यात आणि बबीनात सारखा नसतो. पुण्यात तो गप्पांची सुरुवात असतो. बबीनात त्यामागे ‘‘तुमचं झालं की मला द्याल का?’’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. आणि इथे आपल्याकडची एक खोड सांगितलीच पाहिजे. कुणी विचारलं, की आपण म्हणतो, ‘‘छान आहे हं, वाचा जरूर.’’ संपलं! कुणासाठी छान, काय आहे त्यात, पहिली वीस पानं जड जातात की नाही, मुलांना वाचून दाखवता येईल का, यातलं काही आपण सांगत नाही. साडीबद्दल बोलताना पोत, रंग, धुतल्यावर आटते का, इतकं सगळं सांगणारी माणसं पुस्तकाच्या बाबतीत इतकी कंजूष का होतात, कोण जाणे. तर बबीनाला निघालेल्या कुटुंबासाठी एक शिफारस, पण ती नीट कारणं देऊन.

पुस्तक जुनं आहे. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा वाचलेलाही असतो. पण अथपासून इतिपर्यंत वाचलेली माणसं कमी भेटतात. आणि ज्या मातीत ते घडलं त्या मातीवर बसून वाचण्याचा योग तर फारच थोड्यांना येतो. बबीनाला राहणाऱ्या मराठी माणसाला तो आपोआप आलेला असतो, फक्त पुस्तक हाताशी हवं!

गोष्ट अशी. रायगड जिल्ह्यात पेणजवळ वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट हे गरीब भिक्षुक ब्राह्मण, घरावर कर्ज. १८५७ च्या सुरुवातीला त्यांच्या कानावर आलं, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणेची लयलूट होणार आहे. दोन पैसे मिळाले तर कर्ज फिटेल, या आशेनं विष्णुभट आपल्या काकांबरोबर घराबाहेर पडले. पायी. कुठलं राजकारण त्यांच्या डोक्यात नव्हतं, देशभक्ती वगैरे शब्दही नव्हते. महूच्या आसपास पोचेपर्यंत शिपायांच्या बंडाची बातमी त्यांना गाठते. परत फिरावं, तर हात रिकामे. पुढे जावं, तर वणवा. ते पुढे गेले! आणि फिरत फिरत पोचले ते नेमके झाशीत.

मुलांना वाचून दाखवायला सुरुवात करायची तर ती इथून करा. कारण झाशीतली पानं म्हणजे या पुस्तकाचा गाभा. आपण शाळेत शिकलेली राणी घोड्यावर असते, पाठीशी मूल असतं, हातात तलवार असते. पुतळ्यातली राणी. विष्णुभटांनी पाहिलेली राणी पहाटे उठून व्यायाम करणारी, मल्लखांब येणारी, घोड्याची अचूक पारख असलेली. देवीच्या दर्शनाला जाताना थंडीत कुडकुडणारे भिकारी तिला दिसतात, तर त्यांना बंड्या, टोप्या आणि घोंगड्या द्यायचा हुकूम सोडणारी. इंग्रजांची फौज येऊन ठेपायची वेळ झाली असतानाही चैत्रातलं हळदीकुंकू थाटानं करणारी. यातलं हळदीकुंकू वाचताना प्रत्येक मराठी बाईला चटकन जवळचं काहीतरी सापडतं. झाशीच्या किल्ल्यात चैत्रगौर! इतक्या लांब येऊन या बाईनं आपलं घरचं सोडलं नव्हतं.

मग वेढा. सर ह्यू रोजची फौज सागरकडून तालबेहट घेत वर सरकली, म्हणजे आज बबीना ज्या पट्ट्यात आहे त्याच दक्षिणेच्या बाजूनं. २१ मार्च १८५८ ला ती झाशीसमोर उभी राहिली. तात्या टोपे मदतीला धावून आले, पण बेतवेच्या काठी १ एप्रिलला त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून बाहेर पडली. पुढे काल्पी, मग ग्वाल्हेर आणि जूनमध्ये शेवट. हे सगळं इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळतं. विष्णुभट सांगतात ते वेगळंच. राणी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या गावाचं काय झालं, हे ते सांगतात, कारण ते त्या गावातच अडकले होते. लपून बसलेली घरं, पाण्याचे हाल, गल्ल्यांमधून पडलेली प्रेतं. लूट कशी पायरीपायरीनं झाली, आधी सोनं-नाणं, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडालत्ता आणि धान्य. युद्धावरची पुस्तकं बहुतेक सेनापतींनी किंवा त्यांच्या भाटांनी लिहिलेली असतात. वेढ्यात सापडलेल्या, कुणाच्याही बाजूनं न लढणाऱ्या सामान्य माणसानं मराठीत लिहिलेलं असं दुसरं पुस्तक दाखवा बरं! फौजी घरात तर हे पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचलं जातं. नवऱ्याला वेढा कळतो, तोफांची जागा कळते. घरी थांबणाऱ्यांना उरलेलं सगळं कळतं.

पण पुस्तकवेड्या माणसाला या प्रवासातली सगळ्यात चटका लावणारी पानं वेगळीच आहेत. झाशीच्या राजवाड्यात एक मोठा ग्रंथसंग्रह होता. नेवाळकर घराण्यानं तो पिढ्यानपिढ्या जोपासला होता. वेद, भाष्यं, शास्त्रं, पुराणं, वैद्यक, ज्योतिष. कुठे एखादा चांगला ग्रंथ आहे असं कानावर आलं, की तो मिळवायचा, नाहीतर लेखनिक बसवून नक्कल करवून आणायची. हा संग्रह असा नावाजलेला, की काशीच्या पंडितांनाही एखादी पोथी हवी झाली तर ते झाशीला येऊन तिची नक्कल करून नेत. काशीचे पंडित झाशीला! म्हणजे गंगा उलटी वाहण्यातलाच प्रकार. आणि शहर पडल्यावर तो सगळा संग्रह लुटालुटीत नष्ट झाला. विष्णुभट स्वतः पोथ्यांवर जगणारा माणूस. घरंदारं लुटली गेल्याचं ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज हळहळता आहे, पण या पोथ्यांचा नाश सांगताना तो वेगळा लागतो. सोनं पुन्हा मिळवता येतं, हे त्या गरीब भिक्षुकालाही ठाऊक होतं.

त्यातली एक गोष्ट विसरू नये. काशीच्या ज्या कुणी झाशीला येऊन एखाद्या ग्रंथाची नक्कल करून नेली असेल, तो ग्रंथ वाचला. जो कुणालाच दिला गेला नव्हता, तो गेला.

गंमत म्हणजे खुद्द ‘माझा प्रवास’ हे पुस्तकही असंच थोडक्यात वाचलेलं आहे. विष्णुभट राणी गेल्यावरही बराच काळ भटकले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पराभूत, धुळीनं माखलेली राणी भेटली. ते पाणी काढायला पुढे झाले, तर ‘तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको’ अशा अर्थाचं बोलून तिनं स्वतःच पाणी शेंदलं आणि ओंजळीनं प्यायली. तो प्रसंग वाचून कुणाच्याही घशाशी आवंढा येतो. मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. शेवटी विष्णुभट वरसईला परतले, ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन. आईवडिलांना गंगास्नान घडवलं आणि पुन्हा भिक्षुकी सुरू. वीस-पंचवीस वर्षं ही सगळी हकिगत फक्त तोंडी होती. सांगणारा सांगे, ऐकणारे ऐकत.

ती कागदावर आली, कारण एका ऐकणाऱ्यानं हट्ट धरला. ते चिंतामण विनायक वैद्य, पुढे भारताचार्य म्हणून ओळखले गेलेले. त्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनी आपला प्रवास मोडी लिपीत लिहून काढला. पण सत्तावन्न सालचा विषय, राज्य इंग्रजांचं. पुस्तक छापून निघालं ते १९०७ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर. आणि तेही जसंच्या तसं नाही. वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला. त्यांना दोष देऊन चालणार नाही, त्यांच्या हट्टाशिवाय एक ओळही उरली नसती. पण मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांनी विष्णुभट वाचले ते वैद्यांच्या आवाजात. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात होतं. त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ संहिता प्रसिद्ध केली. मग कुठे खुद्द विष्णुभट बोलताना ऐकू आले.

म्हणून शिफारस करताना कुठली आवृत्ती तेही सांगायला हवं. पोतदारांच्या मूळ संहितेवरचीच घ्या. पहिली दहा-पंधरा पानं अवघड जातील, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाक्यं लांबलचक, शब्द जुने, कोकणातल्या भिक्षुकाच्या बोलीतले. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. कारण हा माणूस लिहीत नाहीच, तो ओसरीवर बसून सांगतोय. मोठ्यानं वाचलं की वाक्याचा श्वास सापडतो आणि मग पुस्तक सुटत नाही. घरात आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाच वाचायला सांगा. ज्या शब्दांपाशी तुम्ही अडता, त्यांतले निम्मे त्यांना अर्थासकट ठाऊक असतात. मुलांचा ‘ळ’ही त्याच बैठकीत सुटतो.

आणि एक सावधगिरी. विष्णुभटांनी डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं, हे दोन वेगळे ठेवा. झाशीच्या वेढ्याबद्दल ते बोलतात तेव्हा ते तिथे हजर आहेत. पण बंड का झालं हे सांगताना, इंग्रजांनी म्हणे कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरवली आणि धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं त्यांच्यापुढे ठेवली, अशी बाजारातली वदंता ते तितक्याच विश्वासानं नोंदवतात. इतिहास म्हणून ते टिकत नाही. त्या वेळी लोक काय बोलत होते, काय खरं मानत होते, हे कळायला मात्र त्याच्याइतका चांगला पुरावा नाही. शिवाय हा एका भिक्षुकाचा डोळा आहे. त्याला यज्ञ दिसतो, दक्षिणा दिसते, ब्राह्मणांची घरं दिसतात. झाशीतली कोरी, लोहार, पठाण मंडळी त्याच्या नजरेच्या कडेला राहतात.

त्यासाठी दुसरं पुस्तक जवळ हवं आणि ते हिंदीत आहे. वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ ही १९४६ सालची कादंबरी. वर्मा याच जिल्ह्यातल्या मऊरानीपूरचे, वकिली झाशीत केली. लहानपणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून राणीच्या गोष्टी ऐकत ते मोठे झाले. राणीसारखी दिसणारी, तिच्या वेशात इंग्रजांना चकवणारी कोरी समाजातली झलकारीबाई देशभर पोचली ती या कादंबरीमुळे. पुढे २००१ मध्ये तिच्या नावानं टपाल तिकीटही निघालं. बबीनातल्या मुलांना हे पुस्तक मराठीपेक्षा सोपं जाईल, हिंदी त्यांच्या जिभेवरच आहे. आई मराठीतलं वाचतेय, मुलगी हिंदीतलं वाचतेय आणि जेवताना दोघींची तुलना चाललीय, ‘‘तुझ्या पुस्तकात हे कसं आहे गं?’’ इतकं झालं तरी रग्गड!

बंगालीतल्या महाश्वेतादेवींचं पहिलंवहिलं पुस्तकही याच राणीवरचं, १९५६ सालचं. घरसंसार मागे ठेवून ही तरुण लेखिका झाशी-ग्वाल्हेरकडे आली आणि गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडची गाणी आणि गोष्टी गोळा केल्या. ‘द क्वीन ऑफ झाँसी’ या नावानं ते इंग्रजीत मिळतं. मराठीत तर याआधीच, १८९४ मध्ये, दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीचं चरित्र लिहिलं होतं. अलीकडचं हवं असेल तर प्रतिभा रानडे यांचं ‘झाशीची राणी लक्ष्मीबाई’ आहे. पण या सगळ्यांत एकच घ्यायचं, तर विष्णुभटच. बाकीच्यांनी राणी शोधली, त्यांना ती भेटली होती.

पुस्तक वाचून झालं, की रविवारी झाशीला जा. किल्ला पाहाच. राणी महालात आता जुन्या मूर्तींचं संग्रहालय आहे, तेही पाहा. पण १८४२ मध्ये जिथे लक्ष्मीबाईंचं गंगाधररावांशी लग्न लागलं ते गणेश मंदिर चुकवू नका. झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांचा राबता तिथे आहे. त्यांच्या बोलण्यात बुंदेली हेल मिसळलेला असतो आणि ‘‘आम्ही इथलेच’’ असं ते सहज म्हणतात. दोन वर्षांच्या पोस्टिंगला कंटाळलेल्या माणसानं तिथे तासभर बसून यावं.

झाशीशी मराठी मुलुखाचं नातं तरी एका राणीपुरतं कुठे आहे? १७२९ मध्ये म्हाताऱ्या छत्रसालाच्या हाकेला बाजीराव धावून गेला आणि त्या बदल्यात बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला, तिथून हे सुरू होतं. त्या काळासाठी ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ वाचावी. मस्तानी याच बुंदेलखंडातली. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ बहुतेकांनी वाचलेलंच असतं, पण बुंदेलखंडात बसून ते पुन्हा वाचलं, की गोविंदपंत बुंदेल्यांची धावपळ वेगळी कळते. रसद म्हणजे काय, हे फौजी घराला समजावून सांगावं लागत नाही. फौजी आयुष्यावरचं हवं असेल तर लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं ‘माझी शिपाईगिरी’, १९६२ च्या युद्धावरचं मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. अनुराधा गोरे यांचं ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ एका वीर कॅप्टनच्या आईनं लिहिलेलं आहे. ते कुणाला द्यायचं, केव्हा द्यायचं, याचा मात्र विचार करावा. नवरा सीमेवर असलेल्या शेजारणीच्या हातात ते ‘छान आहे’ म्हणून ठेवू नये.

पुस्तकं इतकी सांगितली, पण आणायची कशी आणि फिरवायची कशी? इथे पुन्हा एक झाशीचाच धागा सापडतो, फक्त नाशकात. पंचवटीजवळ गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे, त्याची घंटा प्रसिद्ध आहे. हा नारोशंकर १७४२ पासून झाशीचा मराठा सुभेदार होता. त्यानं झाशीचा किल्ला वाढवला, शहर वसवलं. त्याच नाशकात कुसुमाग्रजांनी राणीवर ‘वीज म्हणाली धरतीला’ हे नाटक लिहिलं. आणि त्याच नाशकातल्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या कल्पनेतून २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली.

योजना इतकी साधी, की आधी कुणाला कशी सुचली नाही, असं वाटतं. शंभर पुस्तकांची एक पेटी. साधारण पस्तीस वाचकांचा एक गट. पेटी गटातल्या एकाच्या घरी राहते, बाकीचे तिथून पुस्तकं नेतात, आणतात. काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिथली इकडे येते. वर्गणी नाही, अनामत नाही. पैसे देणगीदारांकडून उभे राहतात. अनेक जण वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मरणार्थ पेटी देतात. नाशकातून सुरू झालेल्या या पेट्या महाराष्ट्रभर गेल्या, तुरुंगात आणि इस्पितळांत गेल्या, दुबईपासून पुढे परदेशातल्या मराठी घरांतही पोचल्या. यात ग्रंथपाल नाही, इमारत नाही. एकाच्या घरातला कोपरा तेवढा लागतो. पुस्तक न्यायला आलेला माणूस चहा घेतो आणि चहाबरोबर मागच्या पुस्तकाबद्दल बोलतो. पेटी म्हणजे खरं तर त्या बोलण्याचं निमित्त.

बबीनासारख्या ठिकाणी शंभर पुस्तकं आणि पस्तीस कुटुंबं कदाचित जमणार नाहीत. पंचवीस पुस्तकं आणि आठ घरं पुरेत. एक रिकामी ट्रंक तर प्रत्येक फौजी घरात असतेच! प्रत्येक पुस्तकाच्या मागे एक कोरा कागद चिकटवावा. वाचणाऱ्यानं त्यावर दोन ओळी लिहायच्या. नुसतं ‘छान’ लिहायला बंदी! कुणाला आवडेल, कुठे कंटाळा येतो, कुठल्या पानापासून रंग भरतो, इतकं लिहावं. मुलांनी लिहिलेलं अशुद्ध असलं तरी दुरुस्त करू नये. कुणाचं मत पटलं नाही तर खाली आपलं मत लिहावं, भांडण तिथेच रंगू द्यावं. बदली होऊन जाणाऱ्यानं जाताना एक पुस्तक पेटीत ठेवून जायचं आणि त्यावर आपलं नाव आणि साल टाकायचं. बेळगाव, अहिल्यानगर, जोधपूर, बबीना अशी नावं एकाच पुस्तकावर जमली तर ते पुस्तक बहुतेक जवानांपेक्षा जास्त ठाणी पाहून झालेलं असेल.

ट्रंकेवर नाव कुणाचं रंगवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. आतली पुस्तकंही हळूहळू जमतील. फक्त ‘माझा प्रवास’च्या दोन प्रती ठेवा. एक कुणीतरी नेईल आणि परत करणारच नाही.